साळव्यांचं कॅसरोल

शांतवन साळव्यांबद्दल लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. नोकरीत होतो तेव्हा वेळ नाही म्हणालो. निवृत्त झाल्यावर मोतीबिंदू होता. तो काढल्यावर स्वच्छ दिसायला लागलं, तेव्हा म्हणालो, त्यात लिहिण्यासारखं काय आहे? आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या स्मरणिकेनं 'दिल्लीतली आपली माणसं' या सदरासाठी दोनदा लेख मागितला. एकदा मी एका खासदाराच्या स्वीय सहायकावर लिहिलं, एकदा एका निवृत्त ब्रिगेडियरवर. दोघांशीही माझी ओळख नमस्कारापुरतीच होती, त्यामुळे लेख छान झाले. साळव्यांवर तसा लिहिता येईना. त्यांच्याबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दलही खरं लिहावं लागतं, आणि माझ्याबद्दल मंडळात बरं मत आहे. पण आता मंडळात मला ओळखणारे फार थोडे उरलेत आणि त्यातल्या निम्म्यांना ऐकू येत नाही. तेव्हा हीच वेळ बरी.

साळवे मूळचे जालन्याचे, मराठी ख्रिस्ती. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. मी त्याच इमारतीत दोन मजले वर, आणि सरोजिनी नगरच्या क्वार्टर्समध्ये त्यांच्या समोरच्या ब्लॉकमध्ये. उंच, जरा पुढे वाकलेला माणूस. बुशशर्टचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. दूध आणायला जायचं तरी पॉलिश केलेले बूट. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. बहिणीची मुलगी रूथ अधूनमधून राहायला यायची, तेवढंच घरात बोलणं.

बाकी बोलणं फायलीतलं. साळव्यांनी आयुष्यभर इतक्या फायलींवर शेरे मारले होते की ताटातल्या पदार्थावरही ते शेराच मारत. माझ्या बायकोनं, शैलानं, एकदा होळीला पुरणपोळी पाठवली. दुसऱ्या दिवशी रिकामा डबा द्यायला आले आणि दारातच म्हणाले, "अवलोकन केलं, वहिनी. पुरण मुबलक, पोळी अपुरी. तत्त्वतः मान्य."

"तत्त्वतः मान्य म्हणजे आवडली का हो?" शैलानं विचारलं.

"तत्त्वतः मान्य म्हणजे आणखी दोन असतील तर डबा परत घेऊन जातो."

हा माणूस स्वतः मात्र एकच पदार्थ करायचा. एरवी खिचडी, अंडं, ब्रेड यांवर आठवडा काढायचा आणि शनिवारी कॅसरोल करायचा. कोंबडी, नूडल्स आणि पांढरा सॉस काचेच्या भांड्यात घालून, वर कुरकुरीत थर देऊन ओव्हनमध्ये भाजलेलं. पहिल्यांदा त्यांनी "आज कॅसरोल आहे" असं सांगितलं, तेव्हा शैलाला वाटलं, पोळ्या गरम ठेवायचा डबा घेतलाय. ती म्हणाली, "आमच्याकडचा गेल्या दिवाळीत फुटला, कितीला मिळाला?" साळव्यांनी तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं ते बहुधा चुकीच्या सेक्शनला आलेल्या फाइलकडे बघत असावेत.

हा पदार्थ त्यांच्या आईचा. ती जालन्यात मिशनच्या दवाखान्यातल्या परदेशी मडमेकडे स्वयंपाकाला होती. मडम गेली, पदार्थ राहिला. "आईकडे ओव्हन नव्हता," साळवे सांगत. "पातेल्याखाली निखारे, झाकणावर निखारे, मध्ये कोंबडी. प्रमोशनची वाट बघणाऱ्या क्लार्कसारखी. वरून भाजतायत, खालून भाजतायत, आणि चेहऱ्यावर रंग येतोय."

साळव्यांनी मात्र पहिल्या एरिअर्समधून ओव्हन घेतला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की सरकारी क्वार्टरच्या स्वयंपाकघरात जाड पिनेचा प्लग नसतो. तो एकच, बैठकीच्या खोलीत, कूलरसाठी. त्यामुळे लोकांच्या घरी जिथे टीव्ही असतो तिथे साळव्यांकडे ओव्हन होता. उन्हाळ्यात एक तर कूलर चालायचा, नाहीतर ओव्हन. साळव्यांनी कधी क्षणभरही विचार केला नाही. पाहुणे सोफ्यावर घाम पुसत ओव्हनच्या काचेतला पिवळा दिवा बघत बसायचे, आणि साळवे त्याच्याकडे पाठ करून पेपर वाचायचे. आत काय चाललंय ते बघायला ते कधीही उठत नसत. मी एकदा म्हणालो, "अहो, बघा तरी. करपायचं."

"आपटेसाहेब, एकदा सही केली की मी फाइल परत मागवत नाही."

आता मला हे कसं ठाऊक, तर दर शनिवारी दुपारी मी त्या सोफ्यावर असायचो. आमच्या घरी अंडंसुद्धा चालत नसे. शनिवारी शैला भजनाला जायची, आणि मी 'जरा साळव्यांकडे पेपर वाचून येतो' म्हणून जायचो. वार मारुतीचा. पण पाप करायचंच तर सोयीच्या दिवशी करावं, असं माझं मत होतं. मी आत शिरलो की साळवे खिडकी लावून घ्यायचे. "तुमचं सोवळं बाहेर उडून जायला नको," म्हणायचे. आणि मी हसायचो. मला तो विनोद वाटायचा.

त्यांचं करणं बघण्यासारखं होतं. कोंबडी सकाळीच तमालपत्र आणि मिरी घालून मंद शिजवलेली असायची. तिचं पाणी ते तीर्थासारखं जपून ठेवत. मांस हातानं सोडवायचे, सुरीनं नाही. नूडल्स अर्ध्याच उकडायच्या. "उरलेलं शिक्षण ओव्हनमध्ये होतं," म्हणायचे. मग लोण्यावर मैदा परतून त्यात दूध आणि ते कोंबडीचं पाणी थोडं थोडं घालत घोटत राहायचं. या वेळी कोणी बोललेलं चालत नसे. गुठळी झाली तर सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून. जायफळ चिमूटभर. मटार, गाजर, किसलेलं चीज. शेवटी शिळे टोस्ट लाटण्यानं चुरून, लोण्यात माखून वर पसरायचे. बाहेर आल्यावर कडेनं सॉस बुडबुडत असायचा आणि वरचा थर सोनेरी. तरी लगेच वाढत नसत. "बसू द्या त्याला. आत्ताच रिटायर झालंय."

कोंबडी इतकी मऊ असायची की दात लावायलाच लागत नसे. मी कोपऱ्यातला तुकडा घ्यायचो, तिथे कुरकुरीत भाग जास्त. मग बडीशेप चावत घरी जाऊन शैलाला सांगायचो की आज पेपरात काही विशेष नव्हतं.

साळवे अहंकारी होते, यात शंका नाही. गुडगावच्या एका कंपनीत नोकरी करणारा पुण्याचा एक तरुण मंडळात नवा आला होता. त्याला साळव्यांनी कौतुकानं घरी जेवायला बोलावलं. तो दोन घास खाऊन म्हणाला, "अंकल, मस्त है! बेसिकली, चिकन घातलेल्या दोन मिनिटवाल्या नूडल्सच ना?"

साळव्यांनी घड्याळाकडे पाहिलं, त्याच्या हातातली प्लेट काढून घेतली आणि म्हणाले, "चलो. तुमची दोन मिनिटं झाली."

तो पोरगा पुन्हा कधी मंडळात आला नाही. मी सचिव होतो, मी साळव्यांना म्हणालोही, "अहो, अशानं सभासद कमी होतात."

"सभासद वाढवणं तुमचं काम. चव राखणं माझं."

मंडळाचा मोठा कार्यक्रम महाराष्ट्र दिनाचा. क्वार्टर्समधल्या मैदानावर शामियाना, प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणायचा. शाकाहारी टेबल मंचाजवळ, पांढऱ्या चादरीचं. सामिष टेबल सायकल स्टँडच्या बाजूला, मध्ये कापडाची कनात. ही कनात माझीच कल्पना. त्यामुळे शाकाहारी लोकांच्या भावना दुखावत नसत आणि ज्यांना त्या भावना थोडा वेळ बाजूला ठेवायच्या असत, त्यांनाही आडोसा मिळायचा. कनातीमागे साळव्यांचं कॅसरोल आणि शिंद्यांचा मटणाचा रस्सा असायचा. दोन्ही भांडी दरवर्षी तळापर्यंत साफ व्हायची, वाढत उभ्या असलेल्या साळव्यांना स्वतःला घासभरही उरत नसे. कोण साफ करायचं, हे कनातीला माहीत.

त्या वर्षी शैला भाचीच्या लग्नासाठी पुण्याला गेली होती. मी जाहीर केलं, आपट्यांकडून श्रीखंड येणार, आणि ते मी स्वतः करणार. कोणी मागितलं नव्हतं. साळव्यांचं इतकं कौतुक होतं, थोडं आपलंही व्हावं, एवढाच विचार. दही फडक्यात बांधून स्वयंपाकघरातल्या नळाला टांगलं आणि झोपलो. ऐन उन्हाळा, दिल्ली, त्यात रात्री लाइट गेलेली. सकाळी चक्का उघडला तर वास जरा वेगळा आला. बोटावर घेऊन बघितलं. खराब झालेला म्हणता आला नसता, पण खराब व्हायच्या विचारात होता. पातेलंभर चक्का. टाकून द्यायचा तर मंडळात सांगायचं काय? मी साखर वाढवली, वेलची वाढवली, केशर तर इतकं घातलं की रंग भगवा आला. मग वास गेला. निदान माझ्या नाकापुरता गेला.

लोकांनी वाट्या चाटल्या. "आपटे, बिल्कुल घरचं!" "वहिनींना सांगा, आता किचन तुमच्याकडे." मला आग्रह झाला तेव्हा मी शुगर सांगून वाटी परत केली. मला शुगर नाही. आजही नाही. मग मी कनातीमागे गेलो. साळव्यांनी माझ्यासाठी कोपऱ्यातला तुकडा बशीखाली झाकून ठेवला होता. तो खाल्ला, आणखी दोनदा वाढून घेतलं, आणि घरी जाऊन छान झोपलो.

संध्याकाळपासून ब्लॉकमध्ये उलट्या सुरू झाल्या. कितीतरी घरं आडवी झाली, काहींना डिस्पेन्सरीत न्यावं लागलं. सगळ्यात जास्त त्रास देवधरबाईंना. त्यांना सलाइन लावलं. सगळे बरे झाले, हे आधीच सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याला माझ्यापेक्षा बरी झोप लागेल.

उठून बसता येऊ लागल्यावर लोकांनी कारण शोधलं. त्याला फार वेळ लागला नाही. "ते साळव्यांचं ओव्हनवालं." मेमध्ये कोंबडी, त्यात दूध, त्यात चीज, वर बंद पेटीत भाजलेलं, आत काय शिजलं नि काय नाही कुणाला ठाऊक. शेजारीच शिंद्यांचा रस्सा होता. त्याच्यावर कोणाचा संशय गेला नाही. रस्सा म्हणजे आपला. श्रीखंडाबद्दल बोलायचा तर प्रश्नच नव्हता, श्रीखंड नैवेद्याचं असतं.

एकच अडचण होती. देवधरबाई पक्क्या शाकाहारी. चातुर्मासात कांदासुद्धा नाही. त्या कशा आजारी पडल्या? एवढ्यावरून तरी कोणाची ट्यूब पेटायला हवी होती. पण आमच्या मंडळात बहुतेकांनी पदवीपर्यंत शिक्षण घेतलेलं. त्यांनी दुसरा निष्कर्ष काढला: देवधरबाईंनी कनातीमागे जाऊन कोंबडी खाल्ली.

"मी त्या बाजूला फिरकलेसुद्धा नाही हो!" बाई सलाइन लावलेला हात उचलून सांगायच्या. "वरण-भात, पुरी आणि श्रीखंड. देवाशपथ, एवढंच खाल्लं!"

"असू दे हो वहिनी," बायका त्यांचा हात थोपटायच्या. "होतं असं कधी कधी. आम्ही कोणाला सांगणार नाही."

आणि सांगायला जायच्या. मी भेटायला गेलो होतो, पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. त्यांनी माझ्यासमोर श्रीखंडाचं नाव घेतलं, स्पष्ट, मोठ्यांदा, आणि कोणालाही ते ऐकू आलं नाही. मला आलं. मी मोसंबी ठेवून निघालो.

पुढच्या रविवारी कार्यकारिणीची सभा झाली. साळवे बोलावल्यावर आले, गळ्याचं बटण लावून. ठराव मी वाचला, कारण मी सचिव: यापुढे कार्यक्रमात घरून भाजलेले सामिष पदार्थ आणू नयेत. 'भाजलेले' हा शब्द शिंद्यांना सांभाळण्यासाठी घातला होता. रस्सा भाजत नाहीत. साळव्यांचं नाव ठरावात नव्हतं. आम्ही सभ्य माणसं.

साळव्यांनी कोणाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"आपटेसाहेब, तुमचं काय मत?"

त्या खोलीत एकच माणूस होता ज्यानं त्या दिवशी ती कोंबडी पोटभर खाल्ली होती, श्रीखंड खाल्लं नव्हतं, आणि ठणठणीत होता. तो मी. एका वाक्यात त्यांचं नाव धुऊन निघालं असतं. देवधरबाईंचंही. पण त्या वाक्यासाठी मला सांगावं लागलं असतं की मी कोंबडी खातो. आणि मग कोणीतरी विचारलं असतं, बाकीचे कशानं पडले, आणि तुम्ही श्रीखंड का नाही खाल्लं? साळवेही बोलू शकले असते, 'यांनी तर माझ्यासमोर दोनदा वाढून घेतलं.' शनिवारचं सगळं काढू शकले असते. त्यांनी काढलं नाही. ते फक्त माझ्या उत्तराची वाट बघत राहिले.

मी म्हणालो, "बहुमताचा निर्णय आहे, साळवे."

"ठीक," ते म्हणाले. "नोंद घेतली."

त्यानंतर शनिवारी त्यांची खिडकी उघडीच असायची. ओव्हनवर त्यांनी टेबलक्लॉथ टाकला आणि त्यावर पेपरांची रद्दी ठेवली. रस्त्यात भेटलो की नमस्कार व्हायचा. एकदा म्हणालो, "हल्ली कॅसरोल नाही?" ते म्हणाले, "वय झालं." देवधरबाईंनी मंडळात पुन्हा पाऊल टाकलं नाही. मी मात्र पुढच्या निवडणुकीत अध्यक्ष झालो. बिनविरोध.

मग निवृत्त्या झाल्या, ते क्वार्टर्सही पाडले, आणि आम्ही सगळे एनसीआरभर पांगलो. मी मुलाकडे नोएडाला. साळवे फरीदाबादला रूथकडे. ती तिथल्या एका कारखान्यात एचआरला होती. दोन हिवाळ्यांपूर्वी तिचा फोन आला. "काका, मामा आठवण काढतो तुमची. आ जाओ ना कभी." शैला तोवर गेली होती. ज्याला घाबरावं असं घरात कोणी उरलं नव्हतं. मी मेट्रोत बसलो आणि साळव्यांना सांगायचं ते वाक्य वाटभर मनात घोकत गेलो. शेजारच्या मुलीनं जागा बदलली, म्हणजे ओठ हलत असावेत.

साळवे वाळले होते. बटण मात्र गळ्यापर्यंत. आणि खोलीत तो वास होता: लोणी, जायफळ, भाजलेला टोस्ट. माझ्यासाठी त्यांनी कॅसरोल लावलं होतं. मी सोफ्यावर बसलो. साळवे बसले नाहीत. ते ओव्हनपुढे स्टूल घेऊन होते. दार उघडायचे, विणायची सुई कोंबडीत खुपसायचे, बाहेर काढून चष्म्याजवळ धरून बघायचे, पुन्हा दार लावायचे. पुन्हा उघडायचे.

"मामा, यार, निकालो अब!" रूथ आतून ओरडली. मग बाहेर येऊन मला म्हणाली, "हे दर वेळी असंच. आधी कुकरला लावतो, मग ओव्हनमध्ये तासभर. वो चिकन नहीं, लकडी बन जाता है."

"राहू दे," साळवे म्हणाले. "आत कच्चं राहायला नको."

वाढलं. वरचा थर काळपट, सॉस आटून नूडल्स कडेला चिकटलेल्या, आणि कोंबडी दोरखंडासारखी. मी चावत राहिलो. साळवे माझ्या तोंडाकडे बघत होते. असं ते पूर्वी कधी बघत नसत.

"शिजलंय ना?" त्यांनी विचारलं.

"छान झालंय," मी म्हणालो.

रूथ चहा करायला आत गेली. साळव्यांनी काटा खाली ठेवला.

"आपटेसाहेब, एक राहून गेलं होतं. त्या सभेत मी तुम्हाला मत विचारलं, ते चुकलंच माझं. तुमचीच पंचाईत केली. तुम्ही तर पोटभर खाल्लं होतं, तुम्हालाही त्रास झाला असणार. पण तुम्ही चारचौघांत बोलला नाहीत. 'मीही पडलो' म्हणाला असतात तर संपलंच होतं. मी घरी येऊन विचार केला, आपटे गप्प बसले, म्हणजे कोंबडी कच्चीच राहिली असणार. नाहीतर ते बोलले असते. देवधरबाईंचं मात्र वाईट वाटतं. त्यांनी का खाल्ली, देव जाणे. तुमचे आभार मानायचे राहिले होते."

आयुष्यात मला इतकी सोपी संधी कोणी दिली नव्हती. दार उघडून धरलं होतं, फक्त आत पाऊल टाकायचं होतं. मी म्हणालो, "अहो, त्यात काय."

निघताना ते सोसायटीच्या गेटपर्यंत आले. धुकं होतं. मेट्रोला जाणारी शेअर ऑटो थांबली, आत चार जण आधीच दाटीनं बसलेले. मी कडेला टेकलो. साळवे ऑटोवाल्याला म्हणाले, "भैया, बुज़ुर्ग आदमी हैं, आराम से." मी बाहेर डोकं काढलं. "साळवे," मी म्हणालो. ते लगबगीनं पुढे आले, कानामागे हात धरून. ऑटोवाला म्हणाला, "अंकल, अंदर हो जाओ." मी म्हणालो, "मफलर घालत जा." त्यांनी मान हलवली, आणि वळून बघितलं तेव्हा ते धुक्यात तसेच उभे होते, हात अजून कानामागे.

उन्हाळा लागायच्या आत रूथचा फोन आला. दफनाला मंडळाचे दोघं-तिघं आले होते. एकजण मला हळूच म्हणाला, "माणूस सज्जन. फक्त तेवढं एक झालं." मी मान हलवली.

मेट्रोत घोकलेलं वाक्य फार मोठं नव्हतं. साळवे, तुमची कोंबडी त्या दिवशी नीट शिजली होती. मी दोनदा वाढून घेतली होती, आणि मला काहीही झालं नव्हतं.